तोंडात कापूस असेल म्हणून

गोंदिया
१८ नोव्हेंबर २०१३

प्रिय डिंपल,

अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, शाळेतली नोकरी ठीक चालली असेल. माझी साखर आटोक्यात आहे, गुडघे आपल्या मर्जीने चालतात, आणि गिरणीच्या भुशाची काजळी अजूनही वाळत घातलेल्या कपड्यांवरच येऊन बसते. इकडची खुशाली एवढीच.

तुला मागच्या ओट्यावरची ती दुपार आठवते का? कलाबाईने बाजारातून शिंगाडे आणले होते. हिरवे, ओले, तलावाचा वास असलेले. तू पाय पसरून बसलीस आणि दातांनीच साल काढायला लागलीस. मी कॉन्व्हेंटची शिकलेली, हातात शिंगाडा घेऊन नुसती बघत बसले होते. तू काही विचारलं नाहीस. आत गेलीस, ती छोटी वाकडी सुरी आणलीस, आणि शिंगाड्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून माझ्या ताटलीत ठेवायला लागलीस. म्हणालीस, "मम्मी, डाव्या बाजूने खा. उजवीकडचा हलतो ना तुमचा?"

मी एका बाजूने चावते, हे त्या घरात बाकी कोणाला कधीच दिसलं नाही. माझ्यासमोर रोज दोन वेळा जेवणाऱ्या माणसालाही नाही.

चार वर्षांनी पत्र लिहायला बसले आणि शिंगाड्यांवर आले, याचं तुला हसू येईल. येऊ दे. तुझं हसू मला फार आठवतं. चंद्रकुमार खोलीतून ओरडायचा, "काय दात काढून राहिली? घरात मोठी माणसं आहेत!" मोठी माणसं म्हणजे मी आणि त्याचे वडील. मला तर तू थांबूच नये असं वाटायचं. आमच्या सिस्टर्सनी आम्हाला हसताना तोंडासमोर रुमाल धरायला शिकवलं होतं. मी तो रुमाल जन्मभर धरला. तू धरला नाहीस, म्हणून तू आवडायचीस.

तर, बातमी दातांची आहे. मी दात बसवते आहे.

खालचा जबडा गेली चार वर्षं रिकामा आहे. वर चार-दोन खुंट होते, तेही दिवाळीच्या आधी काढले. इतकी वर्षं मी भात कुस्करून खाल्ला, पोळी वरणात भिजवून खाल्ली, आणि कोणाचं काही अडलं नाही. गेल्या महिन्यात मात्र तुझ्या सासऱ्यांना जेवता जेवता एकदम माझं तोंड दिसलं. म्हणाले, "अरे, तेरे दाँत का क्या करना है? व्हिडिओ बनेगा. क्रेनवाला कॅमेरा आ रहा है."

व्हिडिओ कसला, ते पुढे सांगते.

मी म्हटलं, दवाखान्यात जाते. त्यावर ईश्वरदासजी उठले, देवघरात गेले, आणि गंगाजलाच्या लोट्यामागून एक स्टीलची डबी घेऊन आले. त्यांच्या तोंडात अजून बत्तीसच्या बत्तीस दात आहेत, पानाने तांबडे झालेले, जुन्या खिळ्यांसारखे. आयुष्यात टिकवून ठेवलेली तेवढीच एक गोष्ट. डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "अम्मा की रखी है ना. थोड़ी घिसवा लो."

डबीत जमुनाबाईंची कवळी होती. माझ्या सासूबाईंची. त्या गेल्या तेव्हा जाळण्याआधी यांनीच काढून घेतली होती, चांगली आहे म्हणून. या घरात फाटकं पोतंसुद्धा टाकत नाहीत, हे तुला माहीत आहेच. पण मेलेल्या बाईचे दात जिवंत बाईच्या तोंडात बसवायची कल्पना मलाही नवीन होती. चंद्रकुमार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "मम्मी, ट्राय तो करो."

हा मुलगा जन्मला तेव्हा त्याला दात नव्हते, आता आहेत. बाकी अडतीस वर्षांत त्याच्यात काही फरक पडलेला मला दिसला नाही. अजून ओला टॉवेल गादीवरच टाकतो.

मी डबी घेऊन स्वयंपाकघरात गेले. कलाबाई भांडी घासत होती. तिने आत डोकावून पाहिलं आणि राखेचे हात कपाळाला लावले. "अगं माय! बाई, बुढीचे दात कायले घालता तोंडात? बुढी बोलन ना तुमच्या तोंडातून!"

डिंपल, मी हसले. तू गेल्यानंतर पहिल्यांदा, मोठ्याने, तोंडावर हात न धरता. बाहेरून आवाज आला, "क्या हुआ?" कलाबाई म्हणाली, "काही नाही जी, बाईले ठसका लागला."

दुसऱ्या दिवशी मी एकटी ऑटो करून बाजारातल्या रीना डॉक्टरांकडे गेले. तुझ्याच वयाची मुलगी आहे. माझ्या जबड्यावरून बोट फिरवून म्हणाली, "काकू, हाड झिजलंय. दात नसले की जबड्याला काम राहत नाही, मग तो हळूहळू विरत जातो." मी म्हटलं, "समजलं. माझ्या बाकीच्या गोष्टींचंही तसंच झालं." ती बिचारी गोंधळली.

मग तिने नीट समजावलं. साधी कवळी आठवड्याभरात मिळते. वरच्या जबड्यात ती टाळूला चिकटून राहते, पण खालची माझ्या झिजलेल्या हाडावर होडीसारखी हलणार. दुसरे पक्के दात. त्यांना स्क्रू जास्त लागतात, हाडही जास्त लागतं, आणि ते आपल्याला काढता येत नाहीत. तिसरा प्रकार मधला. खालच्या जबड्यात पुढे दोनच स्क्रू बसवायचे, तीन-चार महिने हाडात मुरू द्यायचे, मग त्यांच्या डोक्यावर कवळी बसते. ब्लाउजच्या टिचबटणासारखी. टच् करून लागते, चावताना हलत नाही, आणि रात्री आपल्या हाताने काढून, धुऊन ठेवता येते.

मी म्हटलं, "हीच."

"घरी विचारून सांगा ना काकू, घाई नाही."

"विचारलंय," मी म्हटलं. खोटं बोलले, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

नाव, कुंकू, गळ्यातलं, सगळं मला दुसऱ्यांनी घातलं, आणि यातलं काही मी काढायचं नाही असं ठरलेलं. माझ्या अंगावर मी स्वतः निवडलेली आणि मनात येईल तेव्हा काढून बाजूला ठेवता येईल अशी ही पहिली वस्तू असेल. पैसे कुठून आणले हे तू विचारणार नाहीस. ते विचारतील. विचारू देत.

डॉक्टर म्हणाली, जखम भरेपर्यंत नरम खायचं. मग तिने विचारलं, "घरात काही कार्यक्रम आहे का? फोटोपुरती तात्पुरती कवळी देता येते, काकू."

"नको. फोटोपुरती तर मुळीच नको."

आता ती बातमी सांगते. एवढं पत्र झालं, मी तिच्याभोवतीच फिरते आहे. चंद्रकुमारचं लग्न ठरलं. दोन डिसेंबरला आहे. मुलगी लहान आहे, चिचगडकडची. बघायला गेलो तेव्हा मान खाली घालून बसली होती. ईश्वरदासजी परत येताना गाडीत म्हणाले, "अच्छी है. हँसती नहीं." माल पारखून घेतल्यासारखे खूश होते. तुला कोणाकडून तरी कळण्याआधी माझ्याकडून कळावं, असं वाटलं.

नागपूरचे सर्जन शनिवारीच येतात. रीनाने विचारलं, कोणता शनिवार? मी तीस नोव्हेंबर सांगितला. त्या दिवशी घरी हळद आहे. क्रेनवाल्या कॅमेऱ्याने खुशाल शोधावं वराच्या आईला.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू माझा फोन उचलत नाहीस. ते बरोबरच आहे. तू का उचलत नाहीस, तेही मला माहीत आहे. आता तेवढंच लिहायचं राहिलं.

तू गेलीस त्या दिवशी सकाळी माझे खालचे उरलेले दात काढले होते. जीभ, ओठ, हनुवटी, सगळं बधिर. तोंडात कापसाचा बोळा, तासभर दाबून धरायचा होता. मी रिक्षातून उतरले तर फाटकाशी दुसरी ऑटो उभी, आणि तुझी सूटकेस चंद्रकुमार स्वतः उचलून आणत होता. पाच वर्षांच्या संसारात त्याने तुझं उचललेलं ते एकच ओझं.

मला कोणी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. तुझा चेहरा दिसत होता. मी आत गेले. कपाटातून दोन साड्या काढल्या, कापडी पिशवीत कोंबल्या. तुला ती पिशवी दिसली नसेल, पदराखाली होती. बाहेर आले तोवर तू ऑटोत बसली होतीस. मी एका हाताने दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने तुझं मनगट धरलं. बोलायला गेले तर कापूस आणि रक्तच बाहेर आलं. तू म्हणालीस, "सोडा मम्मी. तुम्ही पण त्यांच्यातल्याच." आणि हात झटकलास. ऑटो निघाली.

बेटा, मी तुला अडवत नव्हते. मी चढत होते.

माझ्या मागे फाटकात ईश्वरदासजी उभे होते. म्हणाले, "देखा? सास ने हाथ पकड़ के रोका, फिर भी गई." पुढे तुझ्या वडिलांसमोर, वकिलासमोर, सगळीकडे हेच वाक्य फिरलं. माझ्या हाताची त्यांनी साक्ष करून टाकली. या माणसाने आयुष्यभर तांदळात खडे घालून विकले, पण इतका मोठा खडा त्यालाही आधी कधी सापडला नव्हता.

तीस तारखेला दुपारी स्क्रू बसतील. संध्याकाळच्या पॅसेंजरने मी तुझ्याकडे, भंडारा रोड स्टेशनला येते. कलाबाई सोबत आहे. ती मला सोडून सकाळी परतेल. जखम भरेपर्यंत मला तुझ्याकडे राहायचं आहे. पुढचंही बोलू, बोलता यायला लागलं की. तुला नको असेल तर स्टेशनवर येऊ नकोस. मी रागावणार नाही, कलाबाईसोबत तिच्या बहिणीकडे राहीन, तिचं घर तिथून जवळच आहे. पण परत या घरी येणार नाही.

आलीस, तर एक लक्षात ठेव. त्या दिवशीही माझ्या तोंडात कापूस असेल. गाडीतून उतरून मी तुझा हात धरला, तर त्याचा अर्थ तुला या पत्रातून आधीच कळलेला असावा, म्हणून हे सगळं लिहिलं.

रीना म्हणते, फक्त जबडाच बधिर करतात, काही होत नाही. तरी माझं वय आणि साखर धरून चालावं आणि आपल्या वस्तूंची सोय लावून ठेवावी, हे बरं. तुझ्याशिवाय हे कोणी करणार नाही, म्हणून तुलाच सांगते.

शिलाई मशीन कलाबाईला. ती नको नको म्हणेल, ऐकू नकोस.

माझ्या आईच्या पाटल्या तुला. आणि शिंगाड्यांची ती वाकडी सुरीसुद्धा. ती मी चार वर्षं कोणाला कांदा कापायलाही दिलेली नाही.

चिचगडच्या मुलीला माझी मोठी सूटकेस. तिचा काही दोष नाही. तिला सांगायचं, ही माळ्यावर टाकू नकोस, हाताशी राहू दे. आणि कोणी बाजूला नसेल तेव्हा तिला हसवून बघ.

अम्माजींची कवळी ईश्वरदासजींना परत. डबी धुऊन, पुसून देवघरात जशीच्या तशी ठेवली आहे. त्यांचे बत्तीस गळाले की लागेल. थोडी घासून घ्यावी.

माझे नवे दात मी गेले की माझ्या तोंडातच राहू दे. कोणालाही काढू देऊ नकोस, कितीही चांगले असले तरी. ते जळून जातील. दोन स्क्रू तेवढे जळत नाहीत, रीनाला विचारून घेतलं आहे. राख सावडताना हाताला लागतील. ते चंद्रकुमारला द्यायचे, तळहातावर ठेवून. त्याने विचारलं, हे काय आहे, तर सांग, तुझ्या आईने स्वतःच्या मनाने केलेलं हे एवढंच आहे.

कोर्टाने तुझं आणि त्याचं नातं सोडवलं. माझ्याविषयी कोणी अर्जच केला नव्हता. तेव्हा, अजूनही

तुझी,
मम्मी