बाजेखालची धुरी

मोठ (झाशी),
३० ऑक्टोबर

ती. स्व. अनुसयावन्सं यांस,
माधवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि कानातलं यंत्र तुम्ही फडताळात ठेवून दिलंय असं तुमच्या मंदारकडून कळलं. तेव्हा पत्रच बरं. निदान त्यात तुम्ही नुसतं हो हो म्हणून मला फसवू शकत नाही.

अक्षदाच्या लेकीचं बारसं झालं. नाव ईशानी ठेवलं. जावई शुभमरावांना सीमेवरून रजा मिळाली नाही, त्यांनी मोबाइलवरच लेकीचं तोंड पाहिलं. झाशीहून ओरछा गेटच्या जानकीकाकू आल्या होत्या. त्यांचं घराणं इथे दोन-अडीचशे वर्षं आहे, आणि त्यांची मराठी तितकीच जुनी, मध्ये मध्ये बुंदेली. पाळण्याचं गाणं त्यांनी म्हटलं आणि आम्ही माना डोलावल्या. अर्धं कुणाला कळलं असेल तर शपथ.

तुमच्या भावाचं म्हणाल तर बबिन्याच्या छावणीतून निवृत्त झाले तरी घरात अजून सुभेदारीच चालते. चार एकरांतलं भात निघालं, पण भाव पडला. हार्वेस्टर वरचं वर कापून गेला आणि गुडघाभर धसकटं तशीच उभी आहेत. ती हाताने काढायला माणसं नाहीत, सगळी दिल्लीकडे गेलेली. जमिनीत मिसळायचं यंत्र येतं, पण आधी मोठ्यांच्या शेतात. आमच्यासारख्यांची पाळी येईपर्यंत गहू पेरायचे दिवस सरतात, आणि उशिरा पेरलेला गहू उन्हाने चिमटतो. मग उरते काडेपेटी. सरकारची बंदी आहे, आग वरून उपग्रहाला दिसते आणि लेखपाल, म्हणजे आपला तलाठी, दारात येतो. तरी संध्याकाळी कुठे ना कुठे पेटलेलं असतंच. सकाळी अंगणात आलं की घसा खवखवतो. मला भीती वाटते ती घरातल्या तान्हीची.

आणि एक तक्रार. अक्षदा धुरी घ्यायला तयार नाही. बाजेखाली शेगडी नको, ओव्याचा धूर नको, डॉक्टर नको म्हणतात असं तिचं टुमणं. माझं ती ऐकत नाही, पण आत्याला भिते. तेव्हा तुम्हीच दोन शब्द लिहा.

मंदारला आशीर्वाद. तुमचा लोभ आहेच, तो आटू देऊ नका.

आपली,
माधवी


बेलवाडी, ता. कराड,
५ नोव्हेंबर

चि. सौ. माधवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. ते यंत्र कानात घातलं की भांडी घासल्याचा आवाज येतो. मला ऐकायला येत नाही तेच बरं आहे, घरात भांडणं कमी होतात.

अक्षदाला हे वाचून दाखव. म्हणावं, तुझ्या बापाला आणि मला आमच्या आईने बाजेखाली शेगडी ठेवूनच वाढवलं. धुरी नाही घेतली तर पुढे कंबर धरते, बाळाला सर्दी होते आणि मग डॉक्टर औषध देतो तेव्हा पैसे मोजायचे. पत्रासोबत पुडकं पाठवते आहे. त्यात ओवा, बाळंतशेप, वावडिंग आणि घरचा धूप आहे. लसणाची सालं तुझ्याकडे असतीलच.

बाहेर जर एवढा धूर असेल तर आणखी काळजी घे. दारं-खिडक्या घट्ट लाव, फटींत कापडं कोंब, बाहेरचा वारा बाळंतिणीला लागता कामा नये. बाहेरचा धूर वाईट, घरचा धूर औषधी. एवढं तिला समजावून सांग.

भाऊ माझा आहे म्हणून सांगते, जितूच्या शेतीत मात्र तू पडू नको. त्याला कळतं. लहानपणापासून हट्टी आहे, सांगितलं की उलटं करतो.

ईशानीच्या गालाला माझ्या नावाने काजळ लाव. माया आहे, ती पत्रातून किती पाठवणार.

तुझी,
अनुसयावन्सं


झाशी,
१५ नोव्हेंबर

ती. स्व. अनुसयावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

मी जानकीकाकूंच्या घरून लिहिते आहे. ईशानी इस्पितळात आहे. ती आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला वाचवेल.

परवा सकाळी ह्यांनी अर्धं शेत पेटवलं. यंत्राची वाट पाहून कंटाळले होते. त्या दिवशी जणू सगळ्यांनी एकच मुहूर्त काढलेला. वारा मुळीच नव्हता, त्यामुळे धूर वर जाईना, जमिनीवरच बसून राहिला. दुपारी अंगणातला हापसा दिसत नव्हता. मला तुमचं पत्र आठवलं. दारं लावली, खिडक्या लावल्या, ओल्या चादरी फटींत कोंबल्या. आणि बाजेखाली शेगडी ठेवून तुमच्या पुडक्यातली धुरी टाकली. वाटलं, बाहेरचं वाईट आत येणार नाही आणि आतलं चांगलं बाहेर जाणार नाही.

अक्षदा म्हणाली की डोकं दुखतंय, दार उघड. मी तिला रागावले. आमच्या वेळी नव्हतं का दुखत, असं म्हणाले. वन्सं, मी खरंच असं म्हणाले.

थोड्या वेळाने मला जाणवलं की पोर रडायची थांबली आहे. झोपली असेल म्हणून पदर बाजूला केला तर ओठ जांभळे. मी किंचाळले. हे शेतातून धावत आले, हात काळे, डोळे लाल. तशाच हातांनी तिला उचललं. अक्षदा उठायला गेली तर तिचा तोल जात होता. तिलाही गाडीत घातलं. हायवेवर पुढचा ट्रक दिसत नव्हता, फक्त त्याचे लाल दिवे. मी सगळा रस्ता पोरीच्या नाकाशी गाल धरून बसले होते. तिचा श्वास जाणवतोय की मला तसं वाटतंय, ते कळत नव्हतं. मला तेव्हा देवाचं नावही आठवलं नाही.

तिला नळीने ऑक्सिजन दिला. डॉक्टरांनी विचारलं की मुलीला धूर लागला होता का. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी हात जोडले. शेत माझं, आग मी लावली साहेब, असं म्हणाले. डॉक्टर सगळ्यांसमोर त्यांना खूप बोलले. फौजेत ज्यांना कुणी चढ्या आवाजात बोललं नाही ते खाली मान घालून उभे होते.

शेगडीचं मी कुणालाच सांगितलं नाही. अक्षदाला गुंगी होती, तिला धड आठवत नाही. दिवसभर हे काचेतून पोरीकडे बघत उभे राहतात आणि मी त्यांच्याकडे बघते. काय करू ते तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

आपली,
माधवी


बेलवाडी,
२० नोव्हेंबर

चि. सौ. माधवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मंदारला वाचायला दिलं नाही. मीच भिंग लावून वाचलं आणि मग दिवसभर अन्न गोड लागलं नाही. ते पुडकं मी माझ्या हाताने बांधलं होतं. फटींत कापडं कोंब हेही मीच लिहिलं. तुझं चुकलं असेल तर त्याआधी माझं चुकलं आहे. मी पाच पोरांना धुरी दिली, कुणाला काही झालं नाही, याचाच मला गर्व होता. आता वाटतं, झालं नाही हे नशीब होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. मन घट्ट करून ऐक. जितूला काही सांगू नको.

तुला वाटेल, म्हातारी स्वतःची चूक झाकते आहे. तसं असेलही थोडं. पण विचार कर. त्याने अर्धं शेत पेटवलं आहे, अर्धं अजून उभं आहे. आपल्या आगीने नातीचा जीव जात होता असं त्याला वाटतंय, तोवर तो काडी ओढणार नाही. शेगडीमुळे झालं असं कळलं की त्याच्या उरावरचा दगड उतरेल आणि दुसऱ्या दिवशी तो उरलेलं पेटवेल. मी माझ्या भावाला ओळखते. पोर घरी यायची आहे. त्याचा जीव जळू दे थोडा, शेत जळायला नको.

अक्षर लागत नसेल तर तसंच सोडून दे. पोरीची खुशाली कळव, मग जेवेन.

तुझी,
अनुसयावन्सं


झाशी,
२८ नोव्हेंबर

ती. स्व. अनुसयावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी जेवून घ्या. ईशानीला घरी सोडलं. घरी म्हणजे जानकीकाकूंकडे, ओरछा गेटलाच. दूध ओढते, मधूनच थांबून धापा टाकते आणि पुन्हा ओढते. ती थांबली की आम्ही सगळे थांबतो.

तुमचा सल्ला मी मोडला. माफ करा. सांगितल्याशिवाय मला राहवेना. हे रोज मोठला जाऊन उरलेली धसकटं एकटे विळ्याने कापायचे. साठीचा माणूस, संध्याकाळी परतले की कमरेत वाकलेले आणि हात फोडांनी भरलेले. पुढ्यात ताट ठेवलं तर घास उचलता येईना. मी भरवायला बसले आणि तिथेच सगळं सांगून टाकलं. शेगडी, धुरी, ओल्या चादरी, सगळं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, मला माहीत होतं. गाडी चालवताना सगळा रस्ता पोरीच्या झबल्याला ओव्याचा वास येत होता. मी विचारलं, मग डॉक्टरांसमोर तसं का बोललात. तर म्हणाले, घरात एकाने तरी, तू तरी, पोरीला न थरथरता उचलायला हवं ना, म्हणून दोन्ही धूर मी माझ्या नावावर घेतले. मी खूप रडले. तुम्ही त्यांना ओळखता असं लिहिलंत, मीही तसंच समजत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही खरं सांगितलं. बंद खोलीत कोळसा म्हणजे विषच, तुमची मुलगीही उठली नसती, असं ते म्हणाले. पण शेतातल्या धुराने पोर आधीच दमलेली होती, असंही म्हणाले. कशाने किती ते सांगता येणार नाही. आता तिची छाती नाजूक झाली आहे. पुन्हा असा धूर लागला तर ती सोसेल याची हमी ते देत नाहीत. हे वाक्य रात्रंदिवस माझ्या कानात आहे.

हे मात्र अजून धसकटं कापताहेत. उरलेलं पेटवलं नाही. पण परवा मोठहून शेजारचे परमलाल भेटायला आले. त्यांचं शेत आमच्या घराला लागून, जिकडून वारा येतो त्या बाजूला. पोरीसाठी डाळिंबं आणली, तिची चौकशी करताना डोळ्यांत पाणी आलं. मग अवघडून म्हणाले की यंत्र काही मिळालं नाही, पेरणी चुकली तर वर्ष जाईल, मी पेटवतो आहे, तेवढे दिवस बिटियाला आणू नका. ह्यांनी स्वतः आधी पेटवलेलं, नाही म्हणायला तोंड कुठे होतं. ह्यांनी बरं म्हटलं आणि डाळिंबं आत नेऊन ठेवली.

परमलालांचं झालं की पलीकडचे आहेत. झाशीतही सकाळी किल्ला दिसत नाही. म्हणून ठरवलं आहे, अक्षदाला आणि पोरीला घेऊन तुमच्याकडे यायचं. मंदारला फोन केला, तो लगेच या म्हणाला. पंधरा डिसेंबरची तिकिटं निघाली आहेत. तरी तुमच्या तोंडचं ‘या’ हवं आहे. तेवढं लिहा, म्हणजे मला झोप लागेल.

आपली,
माधवी


बेलवाडी,
४ डिसेंबर

चि. सौ. माधवीस,
आशीर्वाद.

तुमचं यायचं कळलं आणि मी त्याच दिवशी माळ्यावरून पाळणा काढायला लावला. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी शिवली. उकळत्या पाण्यात धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातली. संध्याकाळी काढायला गेले तर प्रत्येक दुपट्यावर काळे कण. झटकायला गेले तर पसरले. पुन्हा धुतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हा मी मान वर करून बघितलं. साखर कारखाने सुरू झालेत, ऊस तुटतोय आणि तुटलेल्या फडांत मागे राहिलेलं पाचट सगळीकडे पेटलं आहे. इकडे हे दर वर्षीचंच. चाळीस वर्षं ती काजळी मी अंगणातून झाडून टाकते आहे. ती कुणाच्या छातीत जात असेल असं कधी मनात आलं नाही. मला स्वतःला हिवाळाभर खोकला असतो, त्याला मी थंडीचा म्हणत आले.

मंदारला म्हटलं, आपलं पाचट पेटवू नको, पोर येते आहे. तो म्हणाला, आई, गुरुवारी पाण्याची पाळी आहे. पाचट कुट्टी करणाऱ्या यंत्रासाठी नाव घालून महिना झाला. पेटवलं नाही तर खोडव्याच्या नव्या फुटव्याला पाणी देता येणार नाही. मी त्याच्या पाया पडायला निघाले तेव्हा तो कबूल झाला. आपलं शेत तेवढं राहील. पण आपलं शेत ते केवढं? चहूकडून दुसऱ्यांचं आहे, आणि त्यांतल्या एकेकाला पाणी आणि पाळी आहे. मी कुणाकुणाच्या पाया पडू? मंदार तुम्हाला फोनवर या म्हणाला, कारण मामाच्या घरच्यांना नको म्हणायची त्याला लाज वाटते. आणि त्याला खरंच काही दिसत नाही, जसं मला दिसत नव्हतं.

माझ्या माहेरच्या माणसाला मी उभ्या जन्मात येऊ नको म्हटलेलं नाही. तू वहिनी म्हणून पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा मी वेशीपर्यंत सामोरी आले होते. आज म्हणते आहे. माधवी, तिकिटं रद्द करा. पोरीला इकडे आणू नका.

मग कुठे न्यावं, ते मी कालपासून आठवते आहे. एकेक नातेवाईक, एकेक गाव डोळ्यांसमोर आणते. या दिवसांत जिथे काही जळत नाही असं एकही मला आठवत नाही.

लोभ धर, राग धरू नको.

तुझी,
अनुसयावन्सं