‘नाही’मधली ‘ही’

प्रिय वनिता,

पळसदरीच्या संगीत महोत्सवाकडून काल फोन आला. यंदाही धरणाजवळच्या त्याच मोकळ्या शेतात आहे. दुपारी चारची आपली वेळ त्यांनी राखून ठेवली आहे. मी एकटी वाजवीन का, असं विचारत होते. उद्या कळवते, असं मी म्हणाले. असं काही आधी तुला विचारायची सवय आहे, म्हणून लिहायला बसले.

होळीनंतर तू गेलीस. तुझं तेरावं झालं, तरी मला अजून रडू आलेलं नाही. शाळेत जाते, वह्या तपासते, घरी येऊन डबा धुते. तुझ्या गाण्याला साथ करायचे तो माउथ ऑर्गन कपाटात आहे. मधूनमधून काढून पुसते आणि परत ठेवते. याला दुःख म्हणतात का गं? की तेही मला नीट जमत नाहीये?

कॉलेजात तीन वर्षं आपण एका बाकावर बसलो, पण तू गातेस हे मला कळलं पस्तिशीनंतर. तू काम करायचीस त्या रिसॉर्टवर कोणी पाहुणा गिटार विसरून गेला. वर्षभर न्यायला आला नाही, तेव्हा मालकांनी ती तुला दिली. मोबाइलवर बघून तू तीन कॉर्ड शिकलीस. ब्लूजच्या त्या अमेरिकी गाण्यांना तेवढे पुरतात म्हणालीस, आणि चौथ्याचा तुला कंटाळाही होता. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, हे तर आमची आई बांधावर भांडताना रोजच करते, असंही म्हणालीस! मी किती हसले होते.

मग तुझं ते गाणं आलं.

कशेळ्याची जीप गेली, कुनी थांबलं नाय,
कशेळ्याची जीप गेली, कुनी थांबलं नाय,
रस्ता हाय तिथंच हाय, पाय निघत नाय.

तू कागद माझ्या हातात दिलास आणि मी पेन उघडलं. दुसरं काही सुचलंच नाही मला. कुनीचं कुणी केलं, हायचं आहे, नायचं नाही. तू बघत होतीस. म्हणालीस, “बाई, नाय कसं लांबवता येतं. ‘नाही’ म्हटलं की शेवटी ती ‘ही’ येऊन बसते. तिला कुठं बसवू?”

माझ्या नोकरीवरून तू मला बाई म्हणायचीस. त्या दिवशी मी खरोखरच बाईंसारखी बोलले. मुंबईची माणसं येणार, ‘नाय’ ऐकून त्यांना विनोदी गाणं वाटेल, हसतील, असं मी तुला समजावलं. तुझी थट्टा होऊ नये म्हणून सांगते आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. तुझ्या शेजारी बसलेल्या माझ्याकडे बघून कोणी हसू नये, एवढंच कदाचित असेल. तू भांडली का नाहीस? तुझ्या आईची लेक ना तू?

महोत्सवात लोक पेंढ्याच्या भाऱ्यांवर बसले होते. ऊन थेट आपल्या डोळ्यांवर. तू गायलीस, आणि प्रत्येक वेळी न चुकता ‘नाही’ म्हणालीस. सूर लांबत जायचा आणि ऐन शेवटी ती ‘ही’ त्याला खाली बसवायची. ओळ संपली की तू माझ्याकडे बघायचीस. फळ्यावर उत्तर लिहून झालं की मुलं माझ्याकडे अशी बघतात. मी मान हलवली. बरोबर.

त्या दिवशीची डायरी आज सकाळी काढली. लिहिलं आहे: ‘वनिताचे उच्चार स्वच्छ. एकदाही नाय आलं नाही. समाधान वाटलं.’

हे वाचूनही काही झालं नाही मला. डायरी मिटली आणि कशेळ्याला तुझ्या आईकडे गेले. मावशी अंगणात वाल निवडत होती. फोनवर आपलं त्या दिवसाचं गाणं लावून तिच्यापुढे धरलं. तिने हात थांबवून सगळं ऐकलं.

“गळा आमच्या वनीचाच हाय,” ती म्हणाली. “पर बोलतंय कोन गं हे?”

ते शब्द मी बदलले होते, असं मी तिला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. महोत्सवाच्या फोनचंही मी सांगितलं. वाल निवडता निवडता तिने विचारलं, “मग तुज्यासंगं कोन हाय का आता?”

“कोणी नाय, मावशी.”

ठरवून म्हटलं नव्हतं. निघालं तोंडातून, आणि लांबलंही. तू म्हणायचीस तसंच, पुढे कोणी येऊन बसलं नाही. मावशीने वर बघितलंही नाही. त्यात दुरुस्त करण्यासारखं तिला काही वाटलं नसावं.

ती तुझी नक्कल होती का? परत येताना जीपमध्ये तेवढंच विचारत होते स्वतःला. अजून माहीत नाही.

वनिता, मी जाईन. गाणार नाही, माझा गळा तुला माहीत आहे. तुझी ओळ माउथ ऑर्गनवर दोनदा वाजवीन, आणि शेवटी श्वास आत ओढून सूर वाकवत नेईन, पुरेल तितका. तिथे ‘ही’ला जागा ठेवणार नाही. डायरीतली नोंद मात्र खोडणार नाही. लिहिलं ते मीच.

आणि ओळ संपली की तुझ्या जागेकडे बघेन. बरोबर आलं का, हे या वेळी मी विचारेन.

तुझी,
बाई