वास उडालेलं कपाट

१० जानेवारी
ताप उतरला. सर्दीही गेली. अंगात ताकद नाही, पण डोकं शाबूत आहे. उठल्याउठल्या तिचं कपाट उघडलं आणि पायाखालची जमीन सरकली. वास गेलेला. आजारी पडायच्या आदल्या दिवशीसुद्धा होता. दार उघडलं की ती मागे उभी असल्यासारखं वाटायचं.

चौकशी केली. मी अंथरुणाला खिळलेला असताना सूनबाईंनी सगळ्या खोल्या हवेशीर केल्या म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पेशंटला मोकळी हवा पाहिजे. पेशंट मी होतो, कपाट नव्हतं. जाताना बायको एवढंच मागे ठेवून गेली होती, तेही या मुलीने खिडकीतून घालवलं.

कपाटाला कुलूप. चावी माझ्या खिशात. सुनेशी कामापुरतंच बोलायचं.

११ जानेवारी, सकाळी ८
निर्णय झाला. साबण करायचा.

वास त्या साबणाचाच होता. ती घरीच करायची, फिका गुलाबी. एक वडी कायम कपड्यांच्या घडीत ठेवायची. शेवटची अजून तिथेच आहे, पण तिच्यातलाही वास उडालाय. ती सगळं अंदाजाने घालायची. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालोय. साबण हा आठवीचा धडा. तिला जमलं ते मला न जमायला काय झालं?

१२ जानेवारी
सुगंधी तेलांच्या दुकानात गेलो. ती गुलाब आणि थोडी लवंग घ्यायची, हे दुकानदाराच्या लक्षात होतं. त्याने बाटल्या उघडून पुढे धरल्या. वास शून्य. तोंडावर सांगितलं, हे पाणी आहे. त्याने स्वतः हुंगलं, दचकून मान मागे घेतली आणि माल कालच आलाय म्हणाला. चांगला नट आहे. तेल एवढं पातळ करून विकतात, तर जास्त घालावं लागणार. मोठ्या बाटल्या घेतल्या.

१५ जानेवारी
पहिला घाणा. गॉगल, हातमोजे, सगळं रीतसर. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हे वाक्य मी किती पोरांकडून घोकून घेतलंय. सून स्वयंपाकघराचे पडदे काढून घेऊन गेली. विश्वास म्हणून नाही.

तेलं आणि सोड्याचं पाणी एकत्र करून ब्लेंडर फिरवला. गुलाबी रंगासाठी बीटाचा रस, म्हणजे नैसर्गिक. सुरुवातीला काय सुरेख दिसलं. मग सुगंध. थोडा घातला, काही नाही. अजून घातला. बाटली संपली आणि मिश्रण एकदम घट्ट झालं. ब्लेंडर पातेल्यात सरळ उभा राहिला, हात सोडला तरी. डावाने ओरबाडून साच्यात दाबलं.

१६ जानेवारी
बीटाचा रंग रातोरात तपकिरी झाला. सोड्यापुढे बीट टिकत नाही. मला माहीत होतं, खात्री करायची होती. मुलाने विचारलं, चॉकलेट केलंत का? त्याची आई असती तर हसली असती. मी हसलो नाही.

२० जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. तुमच्याकडे अत्तराची बाटली फुटली का, आमच्या ह्यांचं डोकं चार दिवस दुखतंय. म्हणजे वास आहे! मग मला का नाही? विचार केला आणि उलगडा झाला. सुगंधाची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जाते. सरळ विज्ञान आहे. खात्री करायला स्वयंपाकघरात फरशीवर बसून पाहिलं. काही आलं नाही. उठताना गुडघ्यांनी जीव घेतला.

२४ जानेवारी
दूध करपलं. मी ओट्यापाशीच होतो, तेलं मोजत. सून बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला कळलं नाही? माझं लक्ष मोजण्यात होतं. एकाग्रता हा माझा जुना गुण आहे.

जेवणालाही हल्ली चव नसते. हिचा हात आखडलाय. मुलाच्या कानावर घातलं, तर तो मलाच नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे नेतो म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची ही नवी तऱ्हा. माझं नाक ठणठणीत आहे. बाजारातला माल बघा म्हणावं.

२ फेब्रुवारी
मोठा शोध. ओट्यावर गुलाबी मातीचा डबा सापडला. ती रंगाला हीच माती वापरत असणार. डबा इतके दिवस कुठे होता कोण जाणे, पण माझ्या नजरेतून काही सुटत नाही. सून शेजारी भांडी पुसत होती.

झाकणावर बायकोच्या अक्षरात ‘एकच चमचा’ लिहिलेलं. एकच चमचा घातला.

रंग तोच आला. हुबेहूब. जरा वेळ खाली बसलो.

सुगंध बेतानेच घालायचा असं सकाळी ठरवलं होतं. सगळा घातला. या वेळी हाताने ढवळत होतो, म्हणून घट्ट व्हायच्या आत साच्यात गेला.

३ फेब्रुवारी
वड्या कापून ठेवल्या. आता त्या महिनाभर मुरू द्यायच्या. तोवर हुंगायचं नाही, हा नियम.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
हुंगलं. अजून मुरायचंय.

१९ फेब्रुवारी
मुलगा खिडक्या उघडतो, मी लावतो. सुनेने तोंडाला ओढणी बांधून स्वयंपाक केला. नाटकं. कपाटाचा विषय निघाला तेव्हा मी स्पष्ट बोललो. म्हटलं, ती तुझी आई नव्हती, म्हणून तुला कळायचं नाही. ती उठून आत गेली.

५ मार्च, दुपार
मोठा दिवस. कपाट उघडलं. तिची जुनी वडी एका हातात, माझी नवी दुसऱ्या हातात. आळीपाळीने नाकाशी धरल्या. दोन्ही अगदी सारख्या. तिळमात्र फरक नाही. म्हणजे जमला!

आनंद व्हायला हवा होता. का होत नाही, कळत नाही. खाली बाईंना एक वडी देऊन येतो.

५ मार्च, संध्याकाळ
बाईंनी वडी दोन बोटांत धरून घेतली आणि दार लावलं. वर आलो तर बायकोच्या खोलीत सून. चावी मी कुलपालाच विसरलो होतो. कपाट सताड उघडं. जानेवारीपासून साठवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

तिचं डोकं कपड्यांत होतं आणि खांदे हलत होते. मला बघून घाबरून बाजूला झाली. म्हणाली, "तुम्ही रागवाल म्हणून येत नव्हते, बाबा. पूर्वी रोज दुपारी यायचे. आईंचा वास अजून तसाच आहे. जरासुद्धा गेला नाही."

नव्या साबणाचा असेल, मी म्हटलं.

"नाही. तो डोक्यात जातो. हा आईंचा."

मी आत डोकं घातलं. छाती भरेपर्यंत श्वास ओढला.

मग स्वयंपाकघरात गेलो. लवंगा चुरडल्या. कॉफीच्या डब्यात नाक खुपसलं. कांदा चिरला. डोळ्यांना पाणी आलं, वास आला नाही. सून दारात येऊन उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं, "तुम्हालाही येतोय ना, बाबा?"

"येतोय तर," मी म्हणालो.

चावी तिच्या हातात दिली. रोज येत जा म्हटलं.

१२ मार्च
मुलाला मीच सांगितलं, डॉक्टरकडे ने. त्यांनी तपासलं. नाक त्या तापात गेलं असणार म्हणाले. कुणाचं परत येतं, कुणाचं नाही. औषध असं काही नाही.

नव्या वड्या वापरायला काढल्या. फेस बरा येतो.

१३ मार्च
दुपारी सून कपाटाशी आली. मी समोर खुर्ची टाकून बसलो. तिने दार उघडलं, डोळे मिटले, श्वास घेतला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. आधी कपाळ सैल झालं, मग ओठ थरथरले.

म्हणजे आहे अजून.