नेवारीकाशा नावाची शेवटची दोन माणसं

युखीम, लेकरा,

आघाडीवरून तुझी शवपेटी आली, तेव्हापासून तुला सांगायचं साठतंच आहे. पत्र पाठवणार कुठं? तरी लिहिते.

काल माझ्या सुनेला, तुझ्या सोलोमियाला, मागणी घालायला गिरणीवाला लाव्हरीन आला. तिचं मन त्याच्याकडं आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी दारामागं भोपळा ठेवला. हातात भोपळा दिला की नकार समजायचा, तोंड उघडायला नको. शेजारची पारास्का म्हणालीच, "चांगला जड बघून दे गं!"

माझा राग त्या पोरावर नव्हता. आपल्या मूळपुरुषानं कोसॅकांच्या छावणीत लापशी करपवली. सगळे ओरडले, "नको रांधूस लापशी!" तेच आडनाव झालं, नेवारीकाशा. एकेकाळी अर्धी गल्ली आपल्या नावाची होती. आता साऱ्या देशात मी आणि तुझी बायको. तिनं नाव बदललं की मी एकटी.

लाव्हरीन टोपी चुरगाळत म्हणाला, "मावशी, चालत असेल तर मीच नेवारीकाशा होतो. पोरंही त्याच नावाची होतील."

"गाव हसेल रे तुला."

"हसू दे. शाळेत युखीमला सगळ्यांत जास्त मीच हसायचो."

मी तुझ्या लग्नातला भरतकामाचा रुमाल होकाराची खूण म्हणून त्याच्या दंडाला बांधला आणि त्या भोपळ्याची लापशी रांधली. डोळे भरल्यानं दिसेना, तळाला लागली.

लाव्हरीननं खरवड मागितली. तू गेल्यापासून या घरात ती कुणी मागितली नव्हती.

तुझी आई,
मोत्र्या नेवारीकाशा