निळ्या दोऱ्याची रेकॉर्ड

अण्णा, एक विचारायचं राहून गेलंय. जयनगरच्या घरात तुमची पणती, माझी नात, माझ्यापुढे लिहायला बसली आहे. मी बोलते, ती लिहिते. मध्येच म्हणते, "आज्जी, स्वल्प हळू." तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होऊन गेली, तेव्हा घाई कसलीच नाही; पण माझं तोंड म्हणजे तुमचं पायमशीन, एकदा सुरू झालं की हात लावूनच थांबवावं लागतं.

कँटोन्मेंटातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात ती मडम यायची, आठवते ना? विलायतेला कायमची निघाली तेव्हा फोनो आणि टोपलीभर इंग्रजी रेकॉर्डी तुमच्या गळ्यात घालून गेली. वाचता तुम्हालाही येत नव्हतं नि मलाही. मग मी एकेका कव्हराला दोरा टाचला. लाल दोरा म्हणजे चार पोरं मिळून कल्ला करतात ती. तिच्यात बारा गाणी. पाच खरी, बाकी कोंडा. माझं हे मत अजून बदललेलं नाही. पिवळ्या दोऱ्यात ढोलवाला शहाणा, गाणारा अडाणी. आणि निळा म्हणजे एकटा बाप्या गिटार घेऊन बसलेला, आवाज तेल न घातलेल्या मशीनचा. शब्द एक कळायचा नाही, पण हा कुणाची तरी समजूत काढतोय आणि ते माणूस ऐकत नाहीये, एवढं कळायचं. तुम्ही ओरडायचात, "बंद कर गं ते, गिऱ्हाईक पळेल!" आणि पाय मात्र त्याच तालावर पायडल हाणायचा. लाल रेकॉर्ड लावली की पँट झटक्यात तयार. म्हणून तर सणाच्या गर्दीत मी तीच लावायची.

मग एका बँडच्या पोरांनी आपल्याकडे जाकिटं शिवायला टाकली. रविवारी सकाळी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, मी पण येते. "तिथं आपलं काय काम? मी जाकिटं देऊन येतो. तू घरी बसून त्या कोटाची काजं कर, उद्या द्यायचाय." तुम्ही गाठोडं घेऊन निघालात. मी शेजारच्या अक्काला म्हटलं, चल बाजारात. ती म्हणाली, "भाजी आणायला केसात मोगरा?" पण आली.

हॉलमध्ये शिरते तर मागच्या दाराशी तुम्ही! जाकिटं कधीच पोचलेली, रिकामं फडकं खांद्यावर, आणि उजवा पाय जमिनीवर पायडल मारतोय. मी अक्काच्या रुंद पाठीमागे लपले. बँड बरा होता. गाणारा नाकात गायचा, पण जाकिटं सुरेख बसली होती. मग एकटा पोरगा गिटार घेऊन पुढं आला आणि आपल्या निळ्या दोऱ्यातलं गाणं म्हणायला लागला. तुमचा पाय थांबला. दोरा तुटल्याशिवाय तो पाय थांबलेला मी कधी पाहिला नव्हता.

गाणं संपायच्या आत मी घरी पळाले. तुम्ही उशिरा आलात. "बस मिळाली नाही," म्हणालात. "काजं झाली?" "झाली." "सरी, ठीक आहे." झाली म्हटल्यावर तुमच्यादेखत कशी करणार? पहाटे उठून करू म्हणून मी झोपले, आणि पहाटे कोट उघडते तर सगळी काजं केलेली, टोकाला तुमची ती घट्ट गाठ. मी कोट घडी घालून गिऱ्हाइकासाठी ठेवला. निळी रेकॉर्ड बंद कर, असं मात्र तुम्ही त्यानंतर कधी म्हणाला नाहीत.

तुम्ही मला पाहिलंत, ते काजांनी सांगितलं. मला विचारायचंय ते वेगळंच: त्या गाण्यात तुम्हाला काय ऐकू आलं? पणतीनं ते आत्ताच फोनवर शोधून लावलं. "मराठीत अर्थ सांगू का, आज्जी?" म्हणाली. मी म्हटलं, नको, आधी अण्णांचा कळू दे. हा कागद आता त्या निळ्या दोऱ्याच्या कव्हरातच ठेवायला सांगणार आहे. पाठवून तरी वाचणार कोण?

आणि एक कबूल करते, अण्णा. सगळ्या रेकॉर्डींवर माझी मतं आहेत, पण त्या पोराने ते गाणं कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. मी ऐकतच नव्हते. तुमच्या पायाकडे बघत होते.