नावाचा रकाना

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नऊ कागद होते, आठ भरून झाले. उरला तो माझा! सगळ्यांना शिकवणारी मीच आणि कोरी राहिलेली मीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कागद साधाच आहे. पुन्हा कधी आपलं बिघडलं, आपलं आपल्याला सांगता येईना, तर काय करावं आणि काय करू नये, हे चांगल्या दिवसांतच आपण लिहून ठेवायचं. खाली एक रकाना — तेव्हा आपल्या वतीनं बोलणार कोण, त्याचं नाव आणि त्याची सही. कायद्यानं दिलेला हक्क आहे म्हणे. पण आमच्याकडे कोणाला ठाऊक होता? आम्हीच शोधला, आम्हीच फॉर्म आणले. आता सत्तावीस फेब्रुवारीला बुलढाण्याला जाऊन नोंदवायचे आहेत.

गट दर गुरुवारी दवाखान्यामागच्या शेडमध्ये भरतो. नाव — 'आमचं आम्ही'. सगळे गोळ्या खाणारे, नाहीतर कधीकाळी खाल्लेले. समुपदेशक मॅडम मागच्या खुर्चीवर बसतात आणि बोलायचं असलं की हात वर करतात. हा नियम उकंडरावांचा. साठीचा माणूस, वांग्याची शेती, एकदा दोन वर्षं खाटेवरून उठला नव्हता. आज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, "मले कोणी उगी हिंमत देऊ नये. बाजूले बसून वांगे निवडावे." मी लिहिलं तस्संच.

छायानं लिहिलं — बाळ रोज दाखवावं. बाळंतपणानंतर ती आजारी पडली तेव्हा सासूनं चार महिने लेकरू दिसू दिलं नव्हतं. आज सासू म्हणाली, ती ओळ खोडा, घराची अब्रू जाते. मी म्हटलं, घरच्यांना खूश करायला ओळ खोडायची नाही, असा नियम आहे आमचा. चांगली तोऱ्यात म्हटलं! सासूनं नाक मुरडलं, पण सही केली. बाई भली आहे तशी.

५ जानेवारी, रविवार

लग्नसराईचे ब्लाउज. मशीनवरून उठायला फुरसत नाही.

दुपारी आत्याबाई आल्या. नेहमीचाच प्रश्न — शीला पोर आता बरी ना? महामाया वहिनी म्हणाली, बरी आहे, आणि तेव्हाचं तिला काही आठवत नाही तेच बरं. मी मान डोलावली. अकरा वर्षं डोलावतेय. सगळ्यांच्या सोयीचं आहे. माझ्याही होतं.

आठवतं सगळं.

कानात माणसं बोलायची. ती सांगायची तशी मी शेगावच्या रस्त्यावर ट्रकांसमोर जाऊन उभी राहायचे. तीनदा लोकांनी ओढून आणलं. मग नागसेनभाऊनं, माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं, मला गोठ्यात खुंट्याला बांधलं. बैलाच्या दाव्यानं. अकरा दिवस. मी ओरडले, चावले, त्याच्या अंगावर थुंकले. आणि हेही आठवतं — दाव्याखाली तो वहिनीच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायचा, माझं मनगट काचू नये म्हणून. रोज धुतलेली पट्टी. गुंडाळताना रडायचा.

बाराव्या दिवशी कोणाचं न ऐकता त्यानं मला अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. पुढे सहा वर्षं दर महिन्याला, मोटारसायकलवर मागे बसवून. लाईनमनची नोकरी, वादळवाऱ्यात कधीही बोलावणं यायचं, पण माझी तारीख एकदाही चुकवली नाही. आज मी चार माणसांत उभी राहून बोलते ती त्याच्या जिवावर. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. आणि दावंही विसरता येत नाही. दोन्ही एकाच माणसानं केलं, काय करू!

१२ जानेवारी, रविवार

लिहिलं एकदाचं, पेन्सिलनं. 'काय करू नये' — मला बांधू नये. दाव्यानं नाही, ओढणीनं नाही, कशानंच नाही. 'काय करावे' — हळू बोलावं. माझ्या डॉक्टरांना फोन करावा. वहिनीनं वेणी घालावी. (वेणी घालताना आवाज थोडे कमी व्हायचे. वहिनीला हे माहीतच नाही. सांगायला हवं.)

नावाच्या रकान्यातही पेन्सिलनंच भाऊचं नाव. दुसरं कोणाचं असणार?

१४ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या विमलबाईंनी तीळगूळ दिला, गोड बोल म्हणाल्या. बोलेन की! आधी त्यांनी उद्याच्या उद्या ब्लाउज मागणं सोडावं.

२३ जानेवारी, गुरुवार

भाऊ चहा घेत होता. पुढ्यात कागद ठेवला. तो म्हणाला, सही कुठं करायची ते दाखव, वाचायचं काय त्यात. मी म्हटलं, नाही, वाचल्याशिवाय आम्ही कोणाचीच सही घेत नाही. नियम! आग लागो माझ्या नियमांना.

वाचत गेला. एका ओळीवर बोट थांबलं.

"तुले आठवते?"

"हाव."

"सगळं?"

"सगळं, भाऊ."

त्यानं पेन खाली ठेवलं, चपला घातल्या आणि गेला. चहा तसाच राहिला.

पट्टीही आठवते, हे मला सांगायचं होतं. तोंडातून निघालंच नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

भाऊ न जेवता ड्यूटीवर गेला. डबाही नेला नाही.

२६ जानेवारी, रविवार

वहिनी मशीनपाशी येऊन बसली. नुसती बॉबिन हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "काऊन लिवलं व तसं? तीन रोज झाले, माणूस धड जेवत नाही. म्हणते, तिच्यासमोर जाऊ कसा. खोडून टाक ना ते. लगेच सही करते तो."

मी म्हटलं, वहिनी, खोटं लिहिलंय का? ती म्हणाली, खोटं कोण म्हणते. आणि रडायला लागली. मग मीही. ब्लाउजावर डाग पडला, तो वेगळाच ताप.

खोडावं का? एका ओळीचा तर प्रश्न. खोडली की भाऊची सही, भाऊचं जेवण, घर पुन्हा पहिल्यासारखं. नाही खोडली तर रकाना कोरा, आणि भाऊ कायमचा खाली मान घालून फिरणार. ज्या माणसानं मला उभं केलं त्यालाच मी मान खाली घालायला लावली.

पण पुन्हा बिघडलं तर? पुन्हा कोणी दावं आणलं तर? ती ओळ नसेल तर माझ्या बाजूनं बोलणार काय?

२९ जानेवारी, बुधवार

खोडरबर काढून ठेवलाय. उद्या गटाला सांगून खोडते. आणखी ताणायचं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं सगळं. दावं, अकरा दिवस, भाऊ, खोडरबर. तीन वर्षं गट चालवतेय, पण हे आज पहिल्यांदा बोलले. दुसऱ्यांना म्हणायचे, मोकळं व्हा! मॅडमनी हात वर केला. उकंडराव म्हणाले, आत्ता नाही मॅडम, थांबा. मग माझ्याकडे वळले.

"खोडायचं असन तर खोड, बाई. पण मंग माह्या कागदावरचं बी खोड. तुह्याच तोंडाकडे पाहून लिवलं मी."

मी खोडरबर पिशवीत टाकला. सरळ सांगते, त्या क्षणी उकंडरावांचा रागच आला होता. आता लिहिताना मात्र हात जोडावेसे वाटतात. असा माणूस वेळेवर भेटायला भाग्य लागतं.

मग छाया म्हणाली, ताई, माझं नाव लिही. सव्वीस वर्षांची पोरगी. अजूनही सासू तिच्याजवळ लेकराला एकटं ठेवत नाही. आणि ही म्हणते, तुझ्यासाठी मी बोलेन! मी विचारलं, जमेल तुला? ती म्हणाली, तुला बांधायला कोणी आलं तर मी आधी तिथं बसेन, बाकीचं मग पाहू. पूर्ण नाव लिहून ठसठशीत सही केली. वर म्हणते, मला असं काही कोणी पहिल्यांदाच विचारलं. विचारलं मी कुठं होतं! पण बरं झालं. भाऊचं नाव पेन्सिलनंच होतं. ते पुसलं. तेवढंच पुसलं, बाकीच्या ओळींवर पेन फिरवला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरात बोलणं जेवणापुरतं. भाऊ समोर आला की मी मशीनकडे बघते, मी समोर आले की तो छताकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार

बाजारातून आले तर मशीनवर नवा दिवा लावलेला. जुना मिणमिणता होता, डोळे दुखायचे. कोणाला बोलले नव्हते. भाऊनं लावला आणि ड्यूटीवर गेला.

उजेड चांगला पडतो. काजं किती वाकडी करत होते ते आता दिसलं!

२० फेब्रुवारी, गुरुवार

प्रकटदिन. निम्मा गट शेगावला, निम्मा एसटीत जागा मिळाली नाही म्हणून घरी. गट नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आलो जाऊन! पाय दुखतात, घसा बसलाय, पण आज लिहिल्याशिवाय पडायचं नाही.

सकाळच्या गाडीनं निघालो, खामगावला गाडी बदलली. घाटात उकंडराव डोळे मिटून बसले, त्यांना वळणं सोसत नाहीत. कचेरीत दोन तास बाकावर. मग कारकुनानं एकेक कागद पाहिला. आठ झाले. माझ्यावर अडला. छायाकडे बघून मला विचारलं, हिचेही उपचार सुरू आहेत ना, मग हिचं नाव कसं चालेल? ती समोर उभी आहे, तिला विचारायचं तर मला विचारतो!

मी तोंड उघडलंच होतं. छायानं माझा हात दाबला.

"वयानं सज्ञान पाहिजे, काम करायला समर्थ पाहिजे, लेखी संमती पाहिजे. आजार नसला पाहिजे हे कुठं लिवलं आहे, दाखवा."

कारकून आत साहेबांकडे गेला. आम्ही नऊजण बाकावर. साहेब पुस्तक घेऊनच बाहेर आले. चष्मा लावून आमच्यासमोर पान वाचलं आणि म्हणाले, बरोबर बोलतात या, घ्या कागद. पुढे असंही म्हणाले, की एप्रिलमध्ये नर्सबाईंचं प्रशिक्षण आहे, पेशंट आला की आधी हा कागद विचारायचा हे शिकवायला तुम्हीच या. उकंडरावांनी लगेच विचारलं, चहा राहीन ना?

नऊच्या नऊ पोचपावत्या. परत येताना उकंडरावांनी भाकरी आणि वांग्याचं भरीत काढलं, गाडीभर लसणाचा वास. कोणाकोणाचे आभार मानू? उकंडरावांचे, छायाचे, पुस्तक उघडून बघणाऱ्या त्या साहेबांचेसुद्धा. मला बांधू नये, हे आता सरकारदरबारी लिहिलेलं आहे. खाली एका पोरीची सही आहे. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

फाट्यावर उतरले तर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा. गाडीची वेळ त्याला वहिनीनं सांगितली असणार. त्यानं गाडी सुरू केली. मी मागे बसले. अर्ध्या वाटेत त्याच्या पाठीलाच सांगितलं, "भाऊ, लुगड्याची पट्टी बी आठवते. रोज धुतलेली राहे."

पुढे त्यानं गाडी फार हळू चालवली. घरी आल्यावर वहिनीजवळ भाकर मागितली. दोन खाल्ल्या.

६ मार्च, गुरुवार

भाऊ आज गटात आला. आम्ही बसलो होतो, दारात येऊन उभा राहिला. उकंडराव म्हणाले, इथं आधी नाव आन् आजार सांगा लागते. तो म्हणाला, "मी नागसेन. आजार मले ठावं नाही. अकरा वर्षं झाले, झोप नाही." मग विचारलं, असा कागद मलेही करता येते का? मॅडमनी हात वर केला. येतो म्हणाल्या, कोणालाही येतो.

कोपऱ्यात बसून त्यानं स्वतःच्या हातानं भरला, आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवला. मी आधी वाचला. 'काय करावे' — शीला म्हणेल ते. नावाच्या रकान्यात माझं नाव.

सही केली.