आमच्या अंगणातलं ऊन

किकवी, ता. भोर
चैत्रातला रविवार, दुपार

तीर्थरूप आनंदरावदाजी यांना अमृतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही दोघं इथं बरे आहोत, तुम्हीही असाल. तुमचा गुडघा कसा आहे? (रत्नाताई फोनवर 'बरा आहे' म्हणते, पण ती सगळ्यांबद्दलच तसं म्हणते, त्यामुळे त्यातून गुडघ्याबद्दल असं काही कळत नाही.) धनकवडीच्या तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट सुरू झाली नसेल तर तिसरा मजला दिवसातून एकदाच उतरावा, असं आपलं मला वाटतं. अर्थात मी डॉक्टर नाही, आणि मला वाटतं ते बहुधा दुसऱ्या दिवशी मलाच पटत नाही.

आमच्या शेजारचं घर धनाजी विकतोय हे मीच तुम्हाला कळवलं. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: घर घेताना काय काय बघावं, अंगणाचा माणसाला खरोखर काही उपयोग होतो का, आणि अक्षय्य तृतीयेला इसार द्यावा की नाही. फोनवर मी बराच वेळ उत्तर दिलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "अमृत, तू दोन्हीकडून बोलतोस. एकदा लिहून काढ, म्हणजे तुझंही काहीतरी एक ठरेल." म्हणून लिहायला बसलो आहे. मी रोज डायरी लिहितो हे तुम्हाला माहीत आहेच, पण तिच्यात चाळून पाहिलं तर गेल्या महिन्याभरात 'आज अंगणात बसता आलं नाही' याखेरीज उपयोगाचं काही सापडलं नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला देता येईल असं वाटत होतं. आम्ही हे घर याच धनाजीकडून घेतलं, ते फार बघून घेतलं. पाणी किती वाजता येतं, सांडपाणी कुठं जातं, हायवेच्या गाड्यांचा आवाज खिडकी लावल्यावर किती राहतो, सगळं विचारलं. कागद भोरच्या वकिलांना दाखवले. श्रावणात येऊन भिंतींना ओल आहे का पाहिलं, दिवाळीत येऊन शेजार पाहिला. दोन्ही वेळा अंगण मोकळं, स्वच्छ, दक्षिणेला तोंड करून पडलेलं. सुलक्षणा भाड्याच्या दोन खोल्यांतून इकडे यायला तयार नव्हती. मी तिला म्हणालो, संध्याकाळी आपल्या अंगणात, आपल्या झाडाखाली, आपण दोघं चहा घेऊ. तेवढ्या एका वाक्यावर ती तयार झाली. त्या वाक्यातला चहा सोडला तर अजून काही जमलेलं नाही, आणि चहाही आम्ही स्वयंपाकघरात उभ्यानं घेतो. तर पहिला सल्ला असा की घर चैत्रात बघावं. श्रावणात घराची ओल दिसते, दिवाळीत रंग दिसतो, पण अंगण कुणाचं आहे ते चैत्राशिवाय दिसत नाही.

आता यात धनाजीनं फसवलं असं मला म्हणता येत नाही, आणि तीच अडचण आहे. व्यवहार ठरला त्या दिवशी तो अंगणात उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला होता, "सर, लई ऊन येतं बघा हितं. अख्ख्या आळीचं वाळवण आपल्याच अंगणात व्हतं. तुमाला चालंल ना?" (मी कॉलेजच्या ग्रंथालयात असतो, शिकवत नाही, हे आळीत अनेकदा सांगून झालं. त्यांना त्यात फरक दिसत नाही.) मला वाटलं, वाळवण म्हणजे कुणीतरी एखाद्या ताटात चार पापड आणून ठेवणार. मी म्हणालो, "आनंदानं." दाजी, मी 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. 'बघू' म्हणालो असतो तर फारच बरं. पण समोर पाच-सहा बायका होत्या, नवीन माणूस, चांगलं दिसावं म्हणून मी 'आनंदानं' म्हणालो आणि ते आळीभर झालं.

होळी झाली आणि एका सकाळी दार उघडलं तर धोंडाबाई पायरीवर. (या आमच्या आळीतल्या सगळ्यांत मोठ्या. वय विचारलं तर 'लई' म्हणतात.) मागं चार जणी, दोघींमध्ये एक असं गव्हाच्या चिकाचं पातेलं, सोऱ्या, आणि धुतलेल्या सुती साड्या. कोण, कशाला, असं मी काही विचारायच्या आत अंगणभर साड्या पसरल्या होत्या आणि त्यांच्यावर कुरडया पडायला लागल्या होत्या. कुरडया झाल्यावर सांडगे आले, मग साबुदाण्याचे पापड, मग नाचणीचे. आम्ही हौसेनं आणलेल्या दोन लोखंडी खुर्च्या साडीची टोकं उडू नयेत म्हणून दोन कोपऱ्यांत आडव्या पडल्या आहेत. झोपाळ्याच्या दांडीवर आम्ही दोघं बसण्याऐवजी शेवया लोंबतात. परवापासून मिरच्या आल्या आहेत, त्यामुळे या पत्रात मध्येच अक्षर हललेलं दिसलं तर ती शिंक समजावी.

मी एकदा विषय काढून पाहिला. धोंडाबाईंना म्हणालो की मी एक बकुळीचं रोप आणलं आहे, मधोमध लावावं म्हणतो, सावली होईल. सगळ्यांचे हात थांबले. मी जणू अंगणात विहीर खणतो म्हणालो होतो. धोंडाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्या दारात समदी सावलीच हाय. एका बाजूला चिंच, दुसऱ्या बाजूला पत्रा. आळीत ऊन म्हणून जे काय हाय ते एवढंच." आणि मग हळूच, "तुमी तर आनंदानं म्हणला व्हता."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जागा आपली, हे खरेदीखतात आहे. पण ऊन? ते आम्ही विकत घेतलं का? धनाजीच्या आधी त्याच्या आईच्या वेळेपासून ते आळीचं आहे, आणि धनाजीनं मला विचारलंही होतं. मी सावली करायची म्हणजे माझ्या सोयीसाठी सात घरांचे वर्षाचे पापड ओले ठेवायचे. बरं, माझा तोटा होतोय म्हणावं तर तेही नीट म्हणता येत नाही, कारण प्रत्येक घरातून आम्हाला वाटा येतो आणि आमच्याकडे आता डबे संपले आहेत. काल कपाटात सदरा शोधताना मला कुरडया मिळाल्या. अंगणाचा उपयोग होतो का, हा तुमचा दुसरा प्रश्न. होतो, भरपूर होतो. आम्हाला होतो का, हे ठरवायला मला अजून वेळ लागेल.

सुलक्षणाकडून मला आधार मिळेल असं वाटत होतं. तिला झाडाखालचा चहा कबूल केलेला होता, तेव्हा भांडायचा हक्क तिचाच. पण ती तिसऱ्याच दिवशी पदर खोचून त्यांच्यात जाऊन बसली, आणि आता कुणाचा चीक घट्ट झाला, कुणाचा सैल, यावर तिचं मत विचारतात. ती मला म्हणते, "भाड्याच्या घरात पंधरा वर्षं माझं मत कुणी विचारलं नव्हतं." मी विचारत होतो, असं मी म्हणणार होतो. पण आठवून पाहिलं आणि चहा ठेवायला उठलो.

मग मला राखणीला नेमलं. कावळ्यांची राखण म्हणजे काठी घेऊन, छत्री उघडून, पायरीवर बसायचं. येणारा-जाणारा विचारतो, "सर, आज कॉलेज हितंच का?" गेल्या रविवारी मी वाचता वाचता पेंगलो आणि आळीतल्याच बाळाबाईंची शेळी आत येऊन बाळाबाईंचेच सांडगे खाऊन गेली. (आता यात नुकसानभरपाई कुणी कुणाला द्यायची, यावर मी दोन दिवस विचार केला.) बाळाबाई म्हणाल्या, "राखणदार बदला." धोंडाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. शिकलेला माणूस हाय, हळूहळू जमंल." मला वाईट वाटायला हवं होतं. पण ठेवून घेतलं याचं बरंच वाटलं, आणि का वाटलं ते कळलं नाही.

बकुळीचं रोप मात्र काळ्या पिशवीतच होतं. मी ते रोज जिथं वाळवण नाही तिथं सरकवत होतो. पाहुण्याला प्रत्येक खोलीतून उठवावं तसं. शेवटी परवा त्याचा निकाल लागला, तो सुलक्षणानं लावला. ती सगळ्यांसमोर म्हणाली, पूर्वेच्या भिंतीच्या कोपऱ्यात लावा. तिथं सकाळी तसंही शेजारच्या घराची सावली असते आणि तोवर चीक शिजलेला नसतो. दुपारनंतर झाडाची सावली भिंतीपलीकडं जाईल. आपल्या उन्हाला धक्का नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, आणि मी खड्डा खणला. रोप लावून, पाणी घालून, हात धुताना माझ्या लक्षात आलं की झाड आमचं, पाणी आमचं, आणि संध्याकाळची सावली शेजारच्या घरात.

तर दाजी, इसार द्यावा की नाही याबद्दल मी तुम्हाला निःपक्षपातीपणे काहीच सांगू शकत नाही. घर भक्कम आहे. पाणी चांगलं आहे. माणसं चांगली आहेत, जरा जास्तच. तुम्ही तुमच्या मनानं ठरवावं. ताईला नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा, सध्या पायरीवर बसलेला,
अमृत

ता. क. वर 'निःपक्षपातीपणे' लिहिलं ते वाचून अस्वस्थ वाटलं, म्हणून खरं लिहितो. घर घ्या. ते घर दुसऱ्या कुणी घेतलं तर माझ्या बकुळीखाली तो बसेल आणि मला भिंतीवरून बघावं लागेल. तुम्ही घेतलंत तर संध्याकाळी आम्ही दोघं चहाचे कप घेऊन तुमच्याकडे येऊ. म्हणजे सुलक्षणाला दिलेला शब्द पुरा होईल. फक्त अंगण तुमचं असेल.

दुसरा ता. क. हे सुलक्षणानं वाचलं. ती म्हणते, एवढं सांगितलंस तर तेही सांग. म्हणून सांगतो: तुमच्या होऊ घातलेल्या अंगणात ऊन आमच्याइतकंच आहे. सध्या फाटकाला कुलूप आहे, म्हणून धोंडाबाईंनी ते हिशेबात धरलं नव्हतं. आमच्यात मिरच्या मावत नाहीत, त्यामुळे धोंडाबाईंनी 'दाजी कवा येणार' असं दोनदा विचारलं आहे. तुम्हाला समोरासमोर विचारलं तर 'बघू' म्हणा. दुसरा कुठलाही शब्द वापरू नका.

तिसरा ता. क. चिकटवलेलं पाकीट पुन्हा उघडावं लागलं. आत्ता सुलक्षणानं मोबाईलवर ताईची आणि धोंडाबाईंची गाठ घालून दिली. धोंडाबाईंनी मिरच्यांचं विचारलं, आणि पलीकडून ताई काय म्हणाली ते मला पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. ती म्हणाली, "आनंदानं." तेव्हा इसाराचं आता तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बकुळ सावकाश वाढते असं नर्सरीवाला म्हणाला होता आणि आमची अजून गुडघ्याएवढी आहे, म्हणून येताना छत्री आणा. मोठी आणा, आणि काळी नको, फार तापते.